कंकभटाला व्हिसा कोण देणार?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. गेले तीन-चार लेख बागेवर, पावसावर आणि जुन्या शाळेवर झाले. "बाई, फार गोड लिहिता" असे अभिप्रायही आले. आज गोड नाही. नातेवाईकांपैकी काहींना हा लेख झोंबेल, हे गृहीत धरूनच लिहिते आहे.

विषय असा आहे की पत्ते खेळून, म्हणजे पोकर खेळून, पोट भरणाऱ्या माणसाने परदेशात वर्ष-दोन वर्षं राहायचं ठरवलं तर त्याला कुठल्या नियमाखाली राहू द्यायचं? तुम्ही म्हणाल, सायखेड्यात गोदाकाठी बसलेल्या सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त शिक्षिकेला ही उठाठेव कशाला? सांगते. माझ्या नणंदेचा नातू पुण्यात इंजिनियर झाला, दोन वर्षं नोकरी केली आणि ती सोडून पोकर खेळू लागला. चोरून नाही, सगळ्यांना सांगून. दरवर्षी आयकराचं विवरणपत्र भरलं, तीस टक्के कर दिला, आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा खर्च केला. घरातल्या लग्नात मात्र त्याची ओळख "हा आपला जुगारी" अशी करून दिली जाते आणि सगळे खो-खो हसतात. त्याच मांडवात "आमचा न्यू जर्सीला असतो" हे वाक्य मी एका तासात अकरा वेळा ऐकलं. हो, मोजलं. मास्तरणीची सवय!

आता मुद्द्यावर येते.

२० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेने ऑनलाइन गेमिंगचं विधेयक मंजूर केलं, २१ ला राज्यसभेने केलं, २२ ला राष्ट्रपतींची सही झाली. तीन दिवसांत सगळं आटोपलं. पैसे लावून खेळायचा कोणताही ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, ही त्यातली बरी गोष्ट. कंपन्यांनी पैशांचे डाव लगेच बंद केले. म्हणजे आमच्या या मुलाचं दुकान तीन दिवसांत बंद झालं, आणि तेव्हापासून तो "कुठल्या देशात जाऊन राहता येईल" याचा अभ्यास करतो आहे.

दुकान असं रातोरात बंद होणं म्हणजे काय, हे आमच्या भागात वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली ती थेट मे २०२४ पर्यंत. ज्याने आदल्या दिवशी भाव पाहून कांदा काढला, त्याने काय जुगार खेळला होता? पण डाव मध्येच कोणी तरी उधळला आणि हरला तो शेतकरी. आपल्याकडे पेरणी हाही एक डावच असतो. फक्त त्याला कोणी डाव म्हणत नाही.

जगात असं पहिल्यांदा घडलेलं नाही. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी पोकरच्या तीन सर्वांत मोठ्या संकेतस्थळांवर खटले भरून त्यांचे पत्ते जप्त केले. खेळाडू त्या दिवसाला 'काळा शुक्रवार' म्हणतात. त्यानंतर कित्येक अमेरिकन खेळाडू बिऱ्हाड उचलून कॅनडा, मेक्सिको, कोस्टारिकाला गेले. अमेरिकेचा पासपोर्ट दणकट, त्यामुळे त्यांना दारं उघडी मिळाली. आपल्या पासपोर्टला दारावर आधी दहा प्रश्न विचारतात. त्यातला पहिलाच प्रश्न असतो, "व्यवसाय काय?"

युरोपच्या शेंगेन व्हिसाचा अर्ज मी या मुलासोबत बसून वाचला. सध्याचा व्यवसाय लिहायला एक चौकट. तिच्याखाली लगेच मालकाचं नाव, पत्ता, फोन नंबर; विद्यार्थी असाल तर शाळेचं नाव. झालं! माणूस एक तर कोणाचा तरी नोकर, नाही तर कोणाचा तरी विद्यार्थी. मला म्हणाला, "आजी, इथे काय लिहू?" आता मी चाळीस वर्षं पोरांना "खरं लिहा, स्वच्छ अक्षरात लिहा" असंच सांगत आले. पण खरं लिहायला चौकटच नसेल तर स्वच्छ अक्षराचं काय करायचं?

इथे मला महाभारत आठवलं. हसू नका, पुढे वाचा.

पांडवांचा अज्ञातवास म्हणजे काय हो? सहा माणसांनी परक्या राज्यात एक वर्ष काढायचं होतं. ओळख उघडी पडली तर पुन्हा बारा वर्षं वनवास. विराटाच्या दारात एकेक जण गेला आणि आपला व्यवसाय सांगून राहायची परवानगी मिळवली. भीम झाला बल्लव, म्हणजे आचारी, आणि वर कुस्तीही. अर्जुन बृहन्नडा, नृत्य शिकवणार. नकुल घोडे सांभाळणार, सहदेव गाई राखणार, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीची वेणीफणी करणार. आणि थोरले धर्मराज? ते झाले कंकभट. राजासोबत फासे खेळायला! अख्ख्या भारतवर्षातला सर्वांत सत्यवादी माणूस परदेशी राहिला तो फासे खेळण्याच्या बळावर, आणि विराटाने त्याला सन्मानाने ठेवून घेतलं.

आता याच सहा जणांना आजच्या खिडकीवर उभं करा. सहदेवाला अमेरिकेत शेतीकामगारांचा एच-२ए व्हिसा आहे, नकुलाचीही सोय कुठे ना कुठे लागेल. बृहन्नडेसाठी त्याच अमेरिकेत परंपरागत कला शिकवणाऱ्यांचा पी-३ आहे. सैरंध्रीला घरकामाचा परवाना अर्धं आखात देतं. आणि भीमाची गंमत ऐका. थायलंडने जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा एक नवा व्हिसा काढला. खात्यात पाच लाख बाट दाखवायचे, एका फेरीत १८० दिवस राहायचं. तो कोणाला मिळतो? परगावच्या कंपनीचं काम संगणकावर करणाऱ्याला, आणि थाई मुष्टियुद्ध किंवा थाई स्वयंपाक शिकायला येणाऱ्याला! म्हणजे आमच्या बल्लवाचं काम दोन्ही बाजूंनी फत्ते. खिडकीबाहेर उभा राहतो तो एकटा कंकभट.

त्याच थायलंडात पत्त्यांचा १९३५ चा एक कायदा आहे. १२० पेक्षा जास्त पत्ते विनापरवाना बाळगले तर गुन्हा. फेब्रुवारी २०१६ मध्ये पट्टायाला एका क्लबात ब्रिज खेळत बसलेल्या ३२ परदेशी लोकांना पोलिसांनी धरून नेलं. बहुतेक सगळे म्हातारे, त्यात एक बाई तर ८४ वर्षांच्या! माझ्या वयाच्या, दुपारी ब्रिज खेळणाऱ्या वाचकांनी नोंद घ्यावी.

बाकी देशांचं पाहा. माल्टाने बाहेरून काम करणाऱ्यांसाठी 'नोमॅड' परवाना काढला आहे. वर्षाला ४२ हजार युरोंची मिळकत मागतात. ठीक आहे, मागा. पण ती मिळकत नोकरीतून, स्वतःच्या कंपनीतून किंवा कंत्राटावरच्या गिऱ्हाइकांकडून आलेली हवी. पोर्तुगालचंही साधारण तेच, कंत्राटाचा कागद दाखवा. पोकरवाल्याला ना मालक, ना गिऱ्हाईक. त्याच्यापाशी फक्त हिशेबाची वही आणि कर भरल्याची पावती. अमेरिकेने त्यातल्या त्यात एक खिडकी ठेवली आहे. पगार न घेता केवळ बक्षिसासाठी स्पर्धेत उतरणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला बी-१ वर येता येतं. पण तो पाहुण्यांचाच व्हिसा. स्पर्धा खेळा आणि घरी जा. शिवाय परदेशी माणूस पोकरच्या स्पर्धेत जिंकला तर त्यातले तीस टक्के आधीच कापून घेतात, आणि भारताशी असलेल्या करारात त्याला सूट नाही. पैसे घेताना मात्र त्यांना चौकट बरोबर सापडते!

यावर माझं म्हणणं साधं आहे. देशाने पाहुण्याला चार गोष्टी विचाराव्यात. तुझ्याकडे राहण्याखाण्यापुरतं आहे का? ते कुठून आलं, याचा तीन वर्षांचा कर भरलेला कागद आहे का? तुझ्यावर गुन्हा आहे का? आजारी पडलास तर विमा आहे का? एवढ्याची उत्तरं बरोबर आली की वर्षभराचा परवाना द्यावा, कर घ्यावा, आणि वर्षाने पुन्हा वही तपासावी. "तुझा मालक कोण?" हा प्रश्न कशासाठी? मालक नसणं हा गुन्हा आहे का?

दुर्दैवाने सरकारांना तो नेहमीच गुन्हा वाटत आला आहे. १८७१ चा जमाती गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा आठवा. ज्यांचं ठिकाण ठरलेलं नाही, ज्यांचं पोट कशावर चालतं ते साहेबाला दिसत नाही, ते जन्मतः गुन्हेगार. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला गेला, निदान कागदावर. लगेच सात वर्षांनी आपल्याच राज्यात भीक-प्रतिबंधाचा १९५९ चा कायदा आला. त्यात भिकाऱ्याची व्याख्या वाचा. सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून, खेळ करून चार पैसे मागणाराही त्यात, आणि डोळ्यांना दिसेल असं उपजीविकेचं साधन नसताना हिंडणाराही त्यात. पारधी-डोंबाऱ्यांनी जे सोसलं त्याच्या जवळपासही या इंजिनियर पोराचं दुःख जात नाही, तेवढं मला कळतं. पण बघणारी नजर तीच आहे. ज्याच्या मानेवर मालकाचा पट्टा नाही तो संशयित.

आणि पट्टा असणाऱ्यांचं तरी काय सुख? न्यू जर्सीवाल्यांनी रागावू नये, पण एच-१बी वर असताना नोकरी गेली तर फार तर साठ दिवस मिळतात. पंधरा वर्षं राहिलेला माणूस, तिथेच जन्मलेली मुलं, घराचे हप्ते, आणि हातात साठ दिवस! सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काचा फतवा निघाला तेव्हा आपल्याच कुटुंबांतले फोन रात्रभर वाजत होते. ज्या नियमाने पोकरवाला बाहेर उभा आहे, त्याच नियमाने तुमचा मुलगा आत टांगलेला आहे. दोघांची अडचण एकच, माणसाची किंमत मालकाच्या सहीवर ठरते. मग लग्नात हसायचं कोणी कोणाला?

आता विरोधी बाजूचं ऐकू. वर्गात मी वादविवाद स्पर्धा घ्यायची तेव्हा दोन्ही बाजू मांडायला लावायची.

पहिला आक्षेप, "पत्ते म्हणजे जुगार, त्यात कौशल्य कसलं?" सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली, आपल्याच मुंबई राज्याच्या एका खटल्यात, ज्या स्पर्धेत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे ती जुगार नव्हे, असं सांगितलं. पुढे रमीलाही कौशल्याचा खेळ ठरवलं. पोकरबद्दल मात्र एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच म्हटलं. म्हणजे विद्वानांतही दोन तट आहेत. मला विचाराल तर मी नळराजाकडे बोट दाखवीन. सगळं राज्य फाशांत घालवून तो बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्णाकडे सारथी म्हणून राहिला. आपल्या विदर्भाकडे रथ हाकताना ऋतुपर्णाने वाटेतल्या बेहड्याच्या झाडाची पानं-फळं न चढता मोजून दाखवली आणि त्याला अक्षविद्या दिली. विद्या म्हटलंय बरं का, नशीब नाही. ती शिकल्यावर नळ पुष्कराशी पुन्हा बसला आणि राज्य परत घेतलं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "या खेळाने घरं बुडतात." बुडतात. मोबाइलवरच्या रमीने जमिनी गेलेली घरं मला ठाऊक आहेत, माझ्या माजी विद्यार्थ्यांचीही त्यात आहेत. दर पाच मिनिटांनी एखादा नट नाहीतर क्रिकेटपटू येऊन "खेळा, जिंका" सांगतो, ते बंद झालं याचं मला दुःख नाही. पण सरकारचा हात स्वच्छ आहे का? महाराष्ट्र राज्याची स्वतःची लॉटरी १९६९ पासून आहे. लॉटरीत कसलं कौशल्य, तिकीट फाडण्याचं? कॅसिनोला परवानगी देणारा कायदा आपल्या राज्याने १९७६ मध्ये केला, ४७ वर्षं अंमलात न आणता पुस्तकात ठेवला आणि २०२३ मध्ये रद्द केला. जानेवारी २०१८ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते आपापल्या क्षेत्रात पहिल्या ठरलेल्या महिलांचा सत्कार झाला, त्यात पोकरपटू मुस्कान सेठी होत्या. साडेसात वर्षांत सत्काराचा खेळ बंदीचा झाला. आणि जुलै २०२५ मध्ये आमच्या शेजारच्या सिन्नरचे, तेव्हाचे कृषिमंत्री, विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गावोगाव फिरली. ते म्हणाले, खेळत नव्हतो, आलेली जाहिरात घालवत होतो. त्यांचं म्हणणं त्यांच्यापाशी. पुढे त्यांचं कृषिखातं जाऊन त्यांना कोणतं खातं मिळालं? क्रीडा! यावर मी काही बोलत नाही, तुम्हीच हसून घ्या.

तिसरा आक्षेप असा की हा परदेशी येऊन तिथल्या लोकांचे पैसे जिंकून नेणार. खरं आहे, पोकरमध्ये पैसा समोरच्याच्याच खिशातून येतो आणि चालवणारा आपला वाटा काढून घेतो. पण मग कॅसिनो उघडता कशाला? गोव्यात मांडवीत जहाजं उभी आहेत, तिथे बाहेरून येणाऱ्याचं स्वागत आहे. खुद्द गोवेकराला मात्र १ फेब्रुवारी २०२० पासून आत जायला मनाई. नेपाळात नेपाळी नागरिकाला कॅसिनोत प्रवेश नाही, भारतीयाला आहे. आणि १९५० च्या करारामुळे भारतीयाला तिथे राहायला व्हिसाही लागत नाही. याचा अर्थ उघड आहे. परका येऊन हरणार असेल तर त्याला पायघड्या. परका येऊन जिंकू लागला, राहतो म्हणाला, की तो समाजाला घातक!

विराटाच्या दरबारातही शेवटी हेच झालं. कंक एक वर्ष खेळला तोवर प्रिय होता. ज्या दिवशी त्याने राजाला न आवडणारं खरं सांगितलं, की युद्ध उत्तराने नाही, बृहन्नडेने जिंकलं, त्या दिवशी विराटाने हातातला फासा त्याच्या तोंडावर मारला. रक्त आलं. ते जमिनीवर पडू नये म्हणून सैरंध्रीने भांड्यात धरलं. परक्याच्या घरी राहणाऱ्याची जागा किती कच्ची असते ते व्यासांना चांगलं माहीत होतं.

आता दोन शब्द आमच्या चिरंजीवालाही, कारण तोही हे वाचणार आहे. बाळा, मित्र सांगतात तसं पर्यटक म्हणून जायचं, मुदत संपली की शेजारच्या देशात एक रात्र काढून पुन्हा शिरायचं, असं करत तीन वर्षं काढायची, हे करू नकोस. शेंगेनमध्ये १८० दिवसांत ९० म्हणजे ९०. ब्रिटनच्या नियमांत तर लिहूनच ठेवलंय की वारंवार भेटींच्या नावाखाली तिथे संसार थाटता येणार नाही. नियम चुकीचा असेल तर त्याच्याशी उघड भांडावं, खोट्या सहीने त्याला बगल देऊ नये. कारण एकदा खोटं सापडलं की पुढच्या प्रत्येक खिडकीवर तेच आधी बोलतं. धर्मराजाला खोटं नाव घ्यावं लागलं तरी त्याने धंदा मात्र खरा सांगितला होता, हे विसरू नकोस. आणि शेंगेनच्या त्या चौकटीत 'पत्त्यांचा व्यावसायिक खेळाडू' असंच लिही, मालकाच्या जागी 'कोणी नाही' लिही, सोबत कराच्या पावत्या जोड. नाकारला तर नाकारू देत. नकारही खऱ्या माणसाला मिळालेला बरा.

आणि मंडळी, आपणही आपल्याकडे येणाऱ्याशी वेगळं वागत नाही. नोकरीच्या व्हिसासाठी आपणही मालकच विचारतो, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांच्या नव्या कायद्यात मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड आहे. मुदत मोडणाऱ्याला दंड करा, जरूर करा. पण प्रामाणिकपणे "मी असा जगतो, मला वर्षभर राहायचंय" म्हणणाऱ्याला विचारायला दार तरी ठेवा. दार नसलं की माणसं खिडकीतून येतात, आणि मग आपण म्हणतो, बघा, चोरच होता!

असो. फार लांबलं. पुढच्या लग्नात त्या मुलाची ओळख करून द्यायची वेळ आली तर "हा पोकर खेळतो, कर भरतो" एवढंच सांगा, मी तिथे असेन. ज्यांना माझं पटलं नाही त्यांनी खाली जरूर लिहावं. फक्त "जुगार तो जुगारच" एवढं एकच वाक्य लिहू नका, कारण द्या. कारण दिल्याशिवाय मी वर्गातही गुण देत नसे.